हला म्हणणारा फोटोवाला

दुनियेतला कुठलाही फोटोवाला बटण दाबायच्या आधी एकच गोष्ट सांगतो, हलू नका. आमचा देगलूरकर सांगायचा, "हला!"

सांगायचा म्हणजे ओरडायचा. समोर माणूस तेल लावून, भांग पाडून, मानेवर पावडर थापून, श्वास कोंडून बसलेला असायचा. हा कॅमेऱ्यामागून खेकसायचा, "हला की हो! मेलात काय?" माणूस दचकायचा. दचकला की खट्. "झालं. उठा."

लग्न का नाही केलं म्हणून लोक त्याला विचारायचे. मी सांगतो. एकदा बीदरला मुलगी बघायला गेला होता. मुलगी खाली मान घालून पाटावर बसली. यानं थोडा वेळ बघितलं आणि तिला म्हणाला, "हला." संपला विषय.

मी फार शिकलेला माणूस नाही. उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेलो, मग बापानं गिरणीत बसवलं. मराठी वाचता येत होतं तोडकंमोडकं, लिहायला शिकवलं माझ्या बायकोनं, अनसूयेनं. ती असती तर हे कागद तिनं आधी तपासले असते. आता तपासणारं कोणी नाही, तेव्हा जसं आहे तसं वाचा.

हैदराबादला हिमायतनगरच्या मागच्या गल्लीत माझी पिठाची गिरणी, आणि गिरणीला चिकटून देगलूरकरचा स्टुडिओ. मध्ये एका विटेची भिंत. माझं पीठ त्याच्याकडे जायचं, त्याच्या औषधांचा आंबूस वास माझ्याकडे यायचा. गिऱ्हाईक नाक मुरडून विचारायचं, "कैसी बू है ये?" मी म्हणायचो, "फोटू का मसाला है, नुकसान नै करता."

माणूस उंच, काडीसारखा. पिशवी अडकवून अडकवून एक खांदा खाली गेलेला. बोटं औषधानं तपकिरी. बुशशर्टाची गुंडी कायम एक घर चुकलेली. राहायचा स्टुडिओच्याच माळ्यावर, एकटा. मला 'गिरणीवाले' म्हणायचा आणि अनसूयेला 'वहिनी'.

तो आधीपासून असा वेडा नव्हता. सुरुवातीला त्याचे फोटो विटेसारखे सरळ यायचे. वेडाला कारण माझी गिरणी झाली.

एका तेलुगू म्हातारीचा फोटो तो मोठा करत होता. म्हातारी वारली होती, मुलाला भिंतीवर लावायला हवा होता. फोटो मोठा करायचं एक उभं यंत्र असतं, एन्लार्जर. त्यात दिवा लावून काही वेळ कागदावर उजेड पाडतात. हा उजेड पाडत होता आणि नेमकी तेव्हाच मी इकडे गिरणी सुरू केली. भिंत थरथरली, यंत्र थरथरलं, फोटो हलला. देगलूरकर ओला कागद हातात घेऊन माझ्या अंगावर धावून आला. "गिरणीवाले, आज तुमचा पट्टाच कापतो!" मीही हातात पाना घेतला. आमची जुंपणार तेवढ्यात म्हातारीचा मुलगा आला. त्यानं कागद बघितला आणि गिरणीच्या पायरीवर मटकन बसला. तेलुगूत म्हणाला, अगदी अम्माच आहे ही. तिची मान अशीच हलायची, म्हातारपणानं. मूळच्या फोटोत ती स्थिर बसलेली, म्हणून ती त्याला आई वाटतच नव्हती.

देगलूरकरनं कागद परत उजेडात धरला. मग मला म्हणाला, "गिरणीवाले, परत चालू करा."

त्या दिवसापासून त्याचं डोकं फिरलं. सरळ फोटो काढणं त्यानं सोडूनच दिलं. काढतानाही माणूस हलला पाहिजे आणि धुतानाही गिरणी हलली पाहिजे. अंधाऱ्या खोलीतून भिंतीवर मूठ आपटायचा आणि ओरडायचा, "गिरणी!" मी सांगितलं, "मी तुझा नोकर नाही. आणि दळण नसताना मी गिरणी फिरवत नाही. रिकामा दगड दगडाला खातो." हा माझ्या बापाचा नियम होता, मी तो तोवर कधी मोडला नव्हता.

मग त्यानं तोड काढली. फोटो धुवायचे असले की ज्वारीचा डबा घेऊन यायचा. डबा माझ्यासमोर ठेवायचा आणि पळत आत जायचा. ज्वारी दळून व्हायची तोवर त्याचे फोटो व्हायचे. आता एकट्या माणसाला एवढं पीठ काय करायचंय? ते अनसूया घ्यायची आणि संध्याकाळी त्याच्या भाकरी थापून पाठवायची. ती दिवसभर माझ्याबरोबर गिरणीत असायची. नाकाच्या शेंड्यावर कायम पीठ. मी सांगायचो पूस, ती पुसायची, आणि पुसणाऱ्या हाताचं पीठ परत नाकाला लागायचं.

तो तिचेही फोटो काढायचा. "वहिनी, हला!" म्हटलं की ती अशी काही हलायची की विचारू नका. सूप उडवायची, मान डोलवायची, हसत सुटायची. फोटोत काय यायचं? धूर. साडीचा धूर, हाताचा धूर. आमच्या लग्नात फोटोवाला नव्हता आणि नंतर शेजारी हा भेटला. घरात बायकोचा एकही सरळ फोटो नव्हता. तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

पुढे देश उघडला म्हणतात. आमच्या गल्लीत तो असा उघडला की समोर काचेच्या दाराचं, थंडगार हवेचं कलर फोटोचं दुकान आलं. एका तासात फोटो. टीव्हीला केबल लागली, कोपऱ्यावर एसटीडीचा पिवळा बूथ आला, घराघरातलं पोरगं कॉम्प्युटर शिकायला लागलं आणि ज्याला बघावं त्याला पासपोर्टचा फोटो हवा. देगलूरकरचं दुकान तुफान चालायला हवं होतं. पण पासपोर्टवाल्यांना हलून चालत नाही ना!

आमच्या पोराला, संतोषला, अमेरिकेत नोकरी लागली, व्हिसाला फोटो पाहिजे होता. अनसूया म्हणाली, "भावजींकडेच काढ. घरचा माणूस आहे." मी देगलूरकरला दम भरला. "हे बघ, हला म्हणायचं नाही. पोराच्या भाकरीचा सवाल आहे." तो हौ म्हणाला. संतोष कोट घालून बसला. सगळं नीट चाललं होतं. शेवटच्या क्षणाला कॅमेऱ्यामागून आलंच, "हला!" फोटोत पोराला तीन कान. मी त्याच्यावर तुटून पडलो, आणि अनसूया पदर तोंडाला लावून हसत बसली. शेवटी संतोष समोरच्या थंड दुकानात गेला. तिथल्या फोटोत तो पोलिसांनी पकडून आणल्यासारखा दिसत होता. अमेरिकेला तोच चालला.

मलकपेठच्या लग्नानं तर देगलूरकरचा धंदाच बसवला. आल्बम आला तो असा. नवरीचा मामा मांडवात टेबलाखाली शिरून आपली कवळी शोधतोय. वरमाई माशी मारतेय. ऐन अक्षता पडताना नवरी एवढा जबडा वासून जांभई देतेय. हार घालतानाचा एकही फोटो नाही. नवरीचा बाप माणसं घेऊन गल्लीत आला. आल्बम पायरीवर आपटला. "लग्न काढायला बोलावलं होतं का तमाशा?"

देगलूरकर मागे हटला नाही. "लग्नात जे हललं ते काढलं. तुम्ही फोटोसाठी पुतळे झालात, त्यात माझा काय कसूर?"

एकानं त्याची कॉलर धरली. मी काहीतरी हत्यार हातात घ्यावं म्हणून वळलो, तोवर अनसूया पिठाच्या हातांनी मध्ये जाऊन उभी राहिली. तिनं आल्बम उचलला आणि जांभईचं पान नवरीच्या बापासमोर धरलं. "दादा, पोर किती दिवस झोपली नाही, हे तुम्हाला मांडवात दिसलं होतं का? यांना दिसलं."

बाप त्या पानाकडे बघत राहिला. मग तेवढा एक फोटो उचकटून खिशात घातला आणि माणसं घेऊन गेला. मार टळला. पण त्यानंतर देगलूरकरला कोणी लग्नाला बोलावलं नाही.

त्याला त्याचं काही नव्हतं. तो आता नुसता शहरात हिंडायला मोकळा झाला. रेशनची रांग, नव्या इमारतींच्या परांच्या, बूथमध्ये फोनवर रडणारी माणसं. मलकपेठला घोड्यांची शर्यत असली की हा तिथे, घोड्यांकडे पाठ करून उभा. पोलीस म्हणाला, "मियाँ, घोडे उधर हैं." हा म्हणाला, "मालूम है. मेरेकू गधे होना."

मला खरं विचाराल तर मला ते फोटो कळत नव्हते. मी त्याला तोंडावर सांगायचो, "नजर तपासून घे." एकदा त्यानं काही फोटो एका स्पर्धेला पाठवले, 'हललेले आहेत' म्हणून परत आले. तो चिडला नाही. म्हणाला, "बरोबर ओळखलं त्यांनी."

अनसूयेचं वेगळं. एका हिवाळ्यात आम्ही नामपल्लीच्या नुमाईशीत, त्या मोठ्या प्रदर्शनात, गेलो होतो. एका मांडवात कुठल्याशा क्लबानं पुष्कळ फोटो टांगले होते. खाली नावं इंग्रजीत, ती आम्हा दोघांनाही वाचता येत नव्हती. ही चालता चालता एका फोटोपाशी थांबली. चहावाल्याचा फोटो. ग्लास स्थिर, हात मात्र सहा. "हा भावजींचा," ती म्हणाली.

"कशावरून?"

"अंधारात कोणी हाक मारली तर आपण माणूस ओळखतो की नाही? तसं."

मी शेजारच्या एकाकडून नाव वाचून घेतलं. देगलूरकरच निघाला. स्वतःहून त्यानं कोणाला सांगितलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला ही गंमत सांगितली. तो ज्वारीचा डबा मांडीवर घेऊन बसून राहिला. अनसूया आली तेव्हा विचारलं, "वहिनी, नाव न वाचता ओळखलात?" ती हो म्हणाली. थोड्या वेळानं परत विचारलं, "खरंच न वाचता?" त्या दिवशी तो फोटो धुवायचंच विसरला.

अनसूया गेली ती सकाळी. चहा उकळत होता, ती ओट्याला धरून खाली बसली आणि उठलीच नाही. डॉक्टर येईतो सगळं संपलं होतं.

संतोषचा बूथवर फोन आला. विमान मिळालं तरी पोचायला उशीर होणार होता, आणि नातेवाईक थांबायला तयार नव्हते. पोरगा रडत म्हणाला, "बाबा, थांबू नका. पण मला आईचा चेहरा बघायचाय. एक नीट फोटो काढून ठेवा. एकच. नीट."

मी समोरच्या थंड दुकानात पळालो. तो दिवस लग्नाच्या मोठ्या मुहूर्ताचा होता. दुकानदार हात जोडून म्हणाला, "अंकल, माझी सगळी माणसं मांडवात आहेत. आणि मयताचा फोटो काढून लग्नाच्या घरी जाऊ कसा मी?" नारायणगुड्यापर्यंत फिरलो. सगळीकडे तेच. त्या दिवशी सगळ्या हैदराबादेत रिकामा असा एकच फोटोवाला होता.

तो आमच्या दाराशीच उभा होता. रिकाम्या हातानं.

"कॅमेरा आण," मी म्हणालो.

"मी मयताचा फोटो काढत नाही, गिरणीवाले."

"तिच्या हातच्या भाकरी खाल्ल्यास ना? आण!" मी सगळ्यांदेखत ओरडलो. "आणि सरळ काढ. जन्मात एकदा तरी सरळ काढ. पोराला धूर पाठवू का मी?"

तो गेला आणि कॅमेरा घेऊन आला. तिरडी बांधून झाली होती. माझा मेहुणा, अनसूयेचा भाऊ, माझ्या कानाशी लागला. "दाजी, ऊन चढलं. किती वेळ?" बायका बाजूला झाल्या. देगलूरकर तिच्या पायाशी उभा राहिला, मग गुडघ्यावर बसला. कॅमेरा डोळ्याला लावला. मी त्याच्या मागेच उभा होतो. मनात एकच होतं, या माणसानं आता जर तोंडातून 'हला' काढलं तर हा कॅमेरा याच्या डोक्यात घालायचा.

त्याचं तोंड उघडलं. मला दिसलं ते. सगळी खोली श्वास धरून.

तोंड मिटलं. खट्.

तो उठला आणि चपला न घालता निघून गेला.

नंतरचे दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. गिरणी बंद होती. तेरावा झाला, पाहुणे गेले, तरी मी ती उघडली नाही. संतोष फोन करायचा, "बाबा, फोटो पाठवला?" मी देगलूरकरला विचारायचो. तो म्हणायचा, "होईल."

आणि रोज सकाळी ज्वारीचा डबा मांडीवर घेऊन गिरणीच्या पायरीवर येऊन बसायचा. "गिरणीवाले, गिरणी कधी चालू करणार?"

माझ्या डोक्यात तिडीक जायची. माझी बायको गेली आणि याला पिठाची पडली! "पुढच्या गल्लीत गिरणी आहे. तिकडे जा." तो जायचा नाही. डबा घेऊन बसून राहायचा, दुपार झाली की उठायचा, दुसऱ्या दिवशी परत. "गिरणी कधी चालू करणार?"

एक दिवस संतोष फोनवर बोलायचा थांबला. नुसता रडत राहिला. मी बूथमधून निघालो तो सरळ स्टुडिओत. दाराला लाथ घातली. देगलूरकर खाटेवर बसला होता.

"फोटो दे. नाहीतर आज तुझं सामान रस्त्यावर फेकतो."

त्यानं उशीखालून पाकीट काढून दिलं. फोटो केव्हाच तयार होता. मी बाहेर काढला. सरळ होता. विटेसारखा सरळ. पापणीचा केस न् केस मोजावा असा. कपाळावरचं कुंकू, मिटलेले ओठ, नाकात घातलेला कापूस. कुठे काही हललेलं नव्हतं.

मी बराच वेळ बघितला. मग माझ्या तोंडून निघालं, "ही कोण?"

"म्हणून देत नव्हतो," देगलूरकर म्हणाला.

पायरीवर त्याचा ज्वारीचा डबा होता, तो उचलला. गिरणीचं कुलूप काढलं. आत तिच्या जुन्या साडीचा पदर अजून खुंटीवर होता, पीठ झाडायला घ्यायची तो जुना तुकडा. पट्टा चढवला, ज्वारी ओतली आणि बटण दाबलं. पहिल्यांदा घरघरली, मग लागली. भिंतीतून आवाज पलीकडे गेला. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्याच्या अंधाऱ्या खोलीत कधी गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो आणि टेबलापाशी स्टुलावर बसलो.

लाल दिवा होता. एन्लार्जर थरथरत होता. देगलूरकरनं कागदावर उजेड पाडला, बंद केला, आणि कोरा कागद औषधाच्या पसरट भांड्यात सोडला. भिंतीला लागून भांडंही थरथरत होतं. पाण्यावर बारीक बारीक लाटा. कागदावर काही नव्हतं. मग केसांची काळी रेघ आली. मग कपाळ, कुंकू. मग गाल. आणि ओठ. ओठ मिटलेले होते, पण मिटून राहिलेले नव्हते. नाकातला कापूस हलून पसरला होता. नाकाच्या शेंड्यावर पीठ लागलं होतं.

देगलूरकर भांड्यावर वाकला. आयुष्यभर ओरडलेला माणूस. इतकं हळू बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"हला, वहिनी."

भांड्यातलं पाणी थरथरत होतं. त्यानं तपकिरी बोटांनी डोळे पुसले, औषध डोळ्यांना झोंबलं असणार. माझ्याकडे न बघता म्हणाला, "हलल्या."

पलीकडे डब्यातली ज्वारी संपली. आवाज बदलला, रिकामा दगड दगडाला खाऊ लागला. मला तो आवाज झोपेतही कळतो. मी उठलो नाही.